यंत्राला ७६२, घडणावळीला ९,२००

लंडनच्या वॉलेस कलेक्शन संग्रहालयात १७७१ सालचे एक फ्रेंच घड्याळ आहे. अविन्यों शहराने रोशश्वारच्या मार्कीला ते भेट दिले होते. ऱ्होन आणि द्युरान्स या दोन नद्या मानवी रूपात त्यावर रेलून बसल्या आहेत. त्याचा हिशेब शिल्लक आहे. नमुना घडवणारा शिल्पकार ब्वाझो याला १,५०० लिव्र मिळाले. ओतकाम, छिन्नीकाम आणि सोन्याचा मुलामा करणाऱ्या पिएर गुतिएरला ९,२००. आणि आतले यंत्र देणाऱ्या दलुनेझी या घड्याळजीला ७६२.

बेरीज होते ११,४६२. वेळ दाखवणाऱ्या भागाच्या वाट्याला सात टक्केही आले नाहीत. गुतिएरकडे ८० टक्के गेले. आपल्याकडे सोनार पावतीवर घडणावळ वेगळी लावतो. इथे घडणावळ हाच माल होता.

तरीही अशा घड्याळांच्या तबकडीवर नाव दिसते ते बहुधा घड्याळजीचे. पॅरिसमध्ये घड्याळजी, ओतारी आणि मुलामा देणारे यांचे संघ वेगवेगळे होते, आणि ब्राँझवाले क्वचितच सही करत. त्यामुळे घड्याळाचे वय ठरवताना जाणकार भलत्याच खुणा शोधतात. मुकुटाखाली ‘सी’ अक्षराचा बारीक शिक्का दिसला, तर तो तांब्याच्या मिश्रधातूंवरील कराचा; हा कर १७४५ ते १७४९ एवढाच चालला.

बिचाऱ्या यंत्राला काम मात्र कमी नसे. तास आणि अर्धा तास वाजवणारे घड्याळ बारा तासांत ७८ अधिक १२, म्हणजे ९० टोले देते. दिवसाचे १८०, आठवड्याचे १,२६०. तेवढ्यासाठी चावी एकदाच.

मुलाम्याची किंमत पैशांत संपत नव्हती. सोने वितळते १,०६४ अंश सेल्सिअसला, पारा उकळतो ३५७ला. सगळी कला या दोन आकड्यांमधल्या अंतरात. एक भाग सोने सुमारे आठ भाग पाऱ्यात विरघळवायचे, जास्तीचा पारा चामड्यातून पिळून काढायचा, उरलेला लोण्यासारखा गोळा ब्राँझवर चोपडायचा आणि निखाऱ्यावर धरायचा. पारा उडून जातो, सोने धातूला चिकटून राहते. उडालेला पारा जातो कारागिराच्या छातीत. हात कापू लागत, हिरड्या सुजत, दात पडत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्राँझ कारखानदार तोमिर याच्या एकट्याच्या कारखान्यात सुमारे ८०० माणसे होती. त्यांतले मुलामेवाले रोज याच भट्टीपाशी उभे राहत.

ब्राँझचा दुसरा मोठा कारखानदार राव्रियो १८१४ मध्ये वारला. मुलामेवाल्यांना पाऱ्यापासून वाचवण्याची रीत जो शोधेल त्याला ३,००० फ्रँक द्यावेत, असे त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. याच धंद्यात पैसा केलेल्या माणसाची ही तरतूद. मला ती गुतिएरच्या बिलापेक्षा जास्त बोलकी वाटते. बक्षीस मिळाले रसायनतज्ज्ञ दार्से याला. त्याची युक्ती साधी होती : भट्टीवर चांगली ओढ असलेले धुराडे बसवायचे, म्हणजे वाफ कारागिराकडे न येता वर जाते. त्याचा प्रबंध १८१८ मध्ये छापला गेला.

१८४०नंतर विजेने मुलामा देण्याची रीत आली आणि पाऱ्याची गरज हळूहळू उरली नाही. विजेचा थर सहसा पातळ बसतो. म्हणून आजही जुने घड्याळ घेणारा आधी विचारतो, मुलामा पाऱ्याचा आहे ना?