ओढ्याकाठचे 3 मीटर

फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात हिरव्या शेवाळाचे थर साचतात. ते कुजले की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो. 2009 साली सां-मिशेल-आं-ग्रेव्हच्या किनाऱ्यावर एक घोडा त्यात दगावला. या शेवाळाचं मूळ आत, शेतांत आहे. डुकरांचं आणि गाईगुरांचं मलमूत्र पिकाला पेलवेल त्याहून जास्त पडतं आणि उरलेलं नायट्रेट पावसाबरोबर ओढ्यात उतरतं, समुद्रात पोचतं आणि शेवाळाला पोसतं.

युरोपीय समुदायाने (आजच्या युरोपीय संघाने) 1991 मध्येच नियम केला: जिथे पाण्याला धोका आहे तिथे जनावरांच्या खतातून हेक्टरी वर्षाला 170 किलोपर्यंतच नायट्रोजन. पण नियमाला धार येते ती अनुदानामुळे. संघाकडून शेतकऱ्याला हेक्टरी मिळणाऱ्या पैशाला पाण्याच्या अटी जोडल्या आहेत. ओढ्याकाठी सर्वसाधारणपणे किमान 3 मीटरचा पट्टा खत-औषधांविना ठेवावा लागतो. नाही ठेवला तर रक्कम कापली जाते. ही जोडणी मला मोलाची वाटते, कारण नुसत्या नोटिशीपेक्षा बँकेत कमी जमा झालेली रक्कम लवकर कळते. कपात मात्र फारच हलकी आहे: निष्काळजीपणाला सहसा 3 टक्के. आणि भूजलात आधीच मुरलेलं नायट्रेट निघून जायला कित्येक वर्षं लागतात.