नाताळची गोधडी: महिला मंडळाने ती कशी करावी

आज आपण अमेरिकेतल्या चर्चच्या महिला मंडळांत नाताळासाठी जी गोधडी शिवली जाते, तिच्याबद्दल बोलणार आहोत. तिकडे तिला क्विल्ट म्हणतात. मी बोलण्याच्या ओघात दोन्ही शब्द वापरीन, पण या दोन वस्तू अगदी एक नाहीत. आपली गोधडी म्हणजे जुन्या साड्या-धोतरांचे थर एकावर एक अंथरायचे आणि कडेपासून आत आत धावदोरा घालत यायचं. थर आणि टाके तिथे एकदमच चालतात. क्विल्टमध्ये तीन थर ठरलेले असतात. वर तुकडे जोडून केलेलं कापड, मध्ये भराव, खाली अस्तर. वरचं कापड आधी स्वतंत्र तयार होतं, आणि तेही चौकोना-चौकोनांनी.

आता हा फरक बारीक वाटेल, पण सगळं त्यावर उभं आहे. गोधडी एका अंगणात, एका सतरंजीवर बसून शिवावी लागते. क्विल्टचे चौकोन मात्र सोळा बायका सोळा घरांत शिवू शकतात आणि एका दुपारी एकत्र आणू शकतात. म्हणूनच ती मंडळाची वस्तू झाली.

मंडळाची वस्तू म्हणजे काय, हे समजायला थोडं मागे जायला हवं. एकोणिसाव्या शतकात तिकडच्या बहुतेक चर्चमध्ये बायका बहुसंख्य, पण कारभार पुरुषांचा. १८८८ साली मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चच्या सर्वसाधारण परिषदेवर पाच स्त्रिया रीतसर निवडून आल्या होत्या. दारूबंदीच्या चळवळीतल्या फ्रान्सिस विलर्ड त्यांतल्याच एक. परिषदेने त्यांची निवड मान्य केली नाही. म्हणजे मत नाही, जागा नाही. पण छपराला पैसे हवेत, ऑर्गनला हवेत, पाद्रीबाबांच्या घराला रंग हवा, की आठवण कोणाची? लेडीज एड सोसायटीची. बायकांकडे स्वतःची मिळकत क्वचितच असे. सुई होती, कापडाचे उरलेले तुकडे होते, आणि एकत्र बसायला कारण होतं.

त्यांनी काढलेली युक्ती मला फार हुशारीची वाटते. तिला म्हणतात सह्यांची गोधडी. पांढऱ्या कापडावर गावातल्या लोकांची नावं लाल दोऱ्याने भरायची आणि प्रत्येक नावाचे पैसे घ्यायचे. दहा सेंट हा नेहमीचा भाव. मधल्या मानाच्या जागेला जास्त. हिशेब करून बघा. तीस चौकोन, प्रत्येकावर सोळा नावं, म्हणजे ४८० नावं आणि ४८ डॉलर. बरं, एवढं झाल्यावर गोधडी हातात आहेच. तिचा लिलाव करा, म्हणजे ती दुसऱ्यांदा पैसे देते. पहिल्या महायुद्धात ‘मॉडर्न प्रिसिला’ या शिवण-भरतकामाच्या मासिकाने डिसेंबर १९१७च्या अंकात असाच एक नमुना छापला, लाल क्रॉस आणि सह्यांचा. या एका गोधडीतून रेड क्रॉससाठी हजार डॉलर कसे उभे राहतील, हे त्यात मांडून दाखवलं होतं.

या पैशाचा एक धागा आपल्याकडेही येतो. बोस्टनमध्ये १८६८ साली वुमन्स बोर्ड ऑफ मिशन्स स्थापन झालं. ही बायकांची, बायकांनी चालवलेली संस्था. तिच्याशी जोडलेलं अमेरिकन मिशन १८१३ पासून मुंबईत आणि १८३१ पासून अहमदनगरला काम करत होतं, आणि मुलींच्या शाळांत शिकवायला येणाऱ्या मिशनरी बायकांचा खर्च अशी महिला मंडळं उचलत. त्यांचा पैसा मुख्यतः लहान वर्गण्यांचा. गावोगावच्या शिवणाच्या बैठका त्याला हातभार लावत. १९२७ साली ही महिला मंडळं मुख्य, म्हणजे पुरुषांच्या, मंडळात विलीन झाली. विलीन हा शब्द गोड आहे. त्याचा अर्थ असा, की गोळा केलेला पैसा कुठे जाणार हे ठरवणारी बायकांची स्वतंत्र बैठक राहिली नाही.

म्हणून आजही कुठल्या मंडळाला नाताळची गोधडी करायची असेल, तर मी आधी नमुना विचारत नाही. मी विचारते, ही कुणासाठी, आणि पैसे आले तर ते कुठे जाणार हे कोण ठरवणार? हे कापड फाडायच्या आधी ठरवावं, कारण पुढचं सगळं त्यावरून ठरतं. लिलावाची गोधडी बघण्यासाठी असते. तिला बारीक काम, हाताचे टाके, तारे, देवदूत सगळं शोभतं. लिलाव म्हणते, सोडत नाही म्हणत, कारण मेथडिस्टांसारख्या काही पंथांचा जुगाराला विरोध आहे आणि सोडत त्यांच्या लेखी जुगारच. मंडळातल्या वयस्क, घराबाहेर न पडणाऱ्या बाईला भेट द्यायची असेल, तर मांडीवर घ्यायची लहान गोधडी करा. चाकाच्या खुर्चीत ती चाकांत अडकता कामा नये, म्हणून लांबी बेताची आणि कोपरे गोल. आणि मदतीसाठी परदेशी पाठवायची असेल, तर लुथरन वर्ल्ड रिलीफसारख्या संस्था साधारण ६० बाय ८० इंचांची गोधडी मागतात. ही संस्था १९४५ साली, युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या युरोपसाठी सुरू झाली. या गोधड्या कुठल्याही धर्माच्या माणसाच्या अंगावर जातात. तिथे सांताक्लॉजचं कापड घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. नाताळात केली म्हणून तिच्यावर नाताळ छापायलाच पाहिजे असं नाही.

आता रंग. नाताळ म्हटलं की लाल, पांढरा, हिरवा. यातला लाल हा गोधडीचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. पूर्वीच्या बायका सह्यांसाठी ‘टर्की रेड’ दोरा वापरत. टर्की म्हणजे नाताळच्या जेवणातला पक्षी नव्हे, तुर्कस्तान. मंजिष्ठेच्या मुळाचा रंग, तुरटी आणि तेल, अशी लांबलचक प्रक्रिया पूर्वेकडून युरोपात गेली. तो लाल पाण्यात सुटत नसे. १८६८ साली ग्रेब आणि लिबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेतलं मुख्य रंगद्रव्य, अॅलिझरीन, प्रयोगशाळेत तयार केलं आणि तो लाल स्वस्त झाला. मग १८८४ साली काँगो रेड आला. तो सुती कापडावर तुरटीशिवाय सहज चढे, आणि तितक्याच सहज धुण्यात उतरे. आम्ल लागलं तर निळा पडे! जुन्या काही गोधड्यांत एक लाल टवटवीत दिसतो आणि त्याच्याच शेजारचा विटलेला, त्याचं कारण बहुतेक वेळा रंगाच्या जातीतला फरक असतो. हिरव्याचंही तसंच. जुन्या लाल-हिरव्या गोधड्यांत पानं खाकी दिसतात, ती कुणी खाकी शिवलेली नव्हती. आणि जाता जाता, १८५०च्या आसपासच्या या लाल-हिरव्या गोधड्यांना आज विक्रेते सरसकट ‘ख्रिसमस क्विल्ट’ म्हणतात. तेव्हा ती वर्षभराची फॅशन होती, नाताळशी तिचा संबंध असेलच असं नाही.

आजच्या लाल कापडाची परीक्षा घरीच करा. तळहाताएवढा तुकडा घ्या, तेवढ्याच पांढऱ्या सुती कापडाला दोन टाक्यांनी जोडा, गरम पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून अर्धा तास बुडवून ठेवा आणि दोन्ही एकत्रच वाळवा. पांढरं गुलाबी झालं तर सगळं लाल कापड दोन-तीनदा धुऊन पुन्हा परीक्षा घ्या. तरीही रंग सुटला तर ते कापड बाद. कितीही सुंदर असलं तरी बाद. सोळा बायकांची मेहनत पहिल्याच धुण्यात गुलाबी होते, आणि ज्या घरी ती गेली ते लोक भिडेपोटी सांगतही नाहीत. आणि धुवायचंच तर सगळं कापड धुवून घ्या. निम्मं आटलेलं आणि निम्मं कोरं असं एकत्र शिवलं, तर पुढे चुण्या पडतात.

यानंतरचा प्रश्न मापाचा, आणि मंडळं इथेच भांडतात. तुकडेजोडीत शिवण पाव इंच आत घ्यायची असते. नऊ तुकड्यांचा साधा चौकोन धरा, तीन ओळी, ओळीत तीन तुकडे. प्रत्येक तुकडा अडीच इंच कापलेला. नीट शिवला तर कडांसकट साडेसहा इंचांचा चौकोन होतो. आता एकीची शिवण नेमकी इंचाच्या सोळाव्या भागाने जास्त पडते. डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. पण ती दोन्ही तुकड्यांतून तेवढं खाते आणि ओळीत दोन शिवणी आहेत, म्हणजे चौकोन पाव इंचाने लहान. असे आठ चौकोन एका रांगेत आले तर दोन इंच कमी. मग एक बाई दुसरीला म्हणते, ‘तुझे चौकोन उसवावे लागतील’, आणि ती बाई पुढच्या वर्षी येत नाही. हे मी चेष्टेने सांगत नाही. मंडळ असंच मोडतं.

तेव्हा कुणाला पाव इंच शिकवत बसू नका. अचूकपणा एकीकडे सोपवा. प्रत्येक बाईने तिला जमेल तसा नऊ तुकड्यांचा चौकोन आणावा, साधारण साडेसहाचा. त्याच्या चारी बाजूंना तीन इंच रुंदीची पांढरी पट्टी जोडायची. चौकोन होतो साडेअकरा इंचांचा, क्वचित सव्वाअकराचा. आता एकच बाई, एकच पट्टी आणि एकच कात्री घेऊन सगळे चौकोन बरोबर साडेदहा इंचांना कापते. सगळ्यांच्या चुका पांढऱ्या पट्टीत जिरतात आणि उसवायची वेळ कुणावरच येत नाही. जोडल्यावर प्रत्येक चौकोन दहा इंचांचा राहतो. ६० बाय ८०साठी सहा गुणिले आठ, म्हणजे ४८ चौकोन. सोळा बायका, प्रत्येकी तीन. डिसेंबरची गोधडी असेल तर हे चौकोन सप्टेंबरात गोळा व्हायला हवेत. तिकडच्या विक्र्या नोव्हेंबरपासूनच लागतात.

राहिलं तीन थर एकत्र धरण्याचं काम. हाताने बारीक टाके घालणं हे सगळ्यात देखणं, पण त्याला महिने लागतात आणि प्रत्येकीचा टाका वेगळा दिसतो. मंडळासाठी गाठी बऱ्या. अस्तर, भराव आणि वरचं कापड चौकटीवर किंवा दोन टेबलं जोडून ताणायचं. जाड सुती दोरा ओवलेली सुई वरून खाली घालायची, पाव इंचावर परत वर काढायची आणि दोन टोकांची गाठ मारायची. आधी उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर. दोन्ही वेळा एकाच बाजूने मारली तर ती गाठ धुण्यात सुटते. अंतर पाच इंच ठेवलं, तर आपल्या गोधडीत अकरा गुणिले पंधरा, १६५ गाठी होतात. चौघीजणी एका दुपारी, गप्पा मारत, हे संपवतात. जिला कधी शिवण आली नाही ती बाईही गाठ मारू शकते, आणि माझ्या मते गाठीचा खरा फायदा हाच आहे. भरावाच्या पुडक्यावर टाक्यांमधलं जास्तीत जास्त अंतर छापलेलं असतं. ते पाळा. नाहीतर भराव सरकून कोपऱ्यात गोळा होतो. शेवटी चारी कडांना दुहेरी कापडाचा गोट लावा. गोधडी आधी कडेलाच झिजते.

मागच्या बाजूला कापडाची एक चिठ्ठी टाचा. वर्ष, गाव, कसं धुवायचं, आणि करणाऱ्यांची नावं. जुन्या सह्यांच्या गोधड्यांत अनेक बायका ‘मिसेस’ आणि पुढे नवऱ्याचं नाव, अशाच सापडतात. आज त्या गोधड्यांवरून घराण्यांचा शोध घेणाऱ्यांना नवरा सापडतो, शिवणारी सापडत नाही. तेव्हा स्वतःचं नाव लिहा, पहिलं नावसुद्धा.

वेळ थोडा आहे, पण एक प्रश्न आलाय तो घेते. या ताई विचारतात, भरावाऐवजी जुन्या साड्या घातल्या तर चालेल का? सुती असतील तर चालतील. नुसत्या चालतीलच नाही, तर उन्हाळी गावांसाठी त्या बऱ्या. गोधडी पातळ होते आणि लवकर वाळते. मात्र साडीचा काठ कापून टाका, तो वेगळा आटतो. जॉर्जेट आणि नायलॉन सुतीबरोबर घालू नका. आणि दोनपेक्षा जास्त साड्या घातल्या तर सुई दोऱ्यासकट आरपार जात नाही, गाठी मारणाऱ्या बायकांची बोटं दुखतात. मग तिथे गाठी सोडून सरळ आपला धावदोरा घाला.