१ कोटी ७० लाखांचं टपाल आणि ८५५ जणी

समजा, एक बाई टपाल निवडायला बसली. मिनिटाला एक पत्र हातात घ्यायचं, पत्ता पडताळायचा आणि योग्य खणात टाकायचं. रोज आठ तास, रविवार नाही की सणवार नाही. अशी १ कोटी ७० लाख पत्रं निकाली काढायला तिला ९७ वर्षं लागतील. अठराव्या वर्षी बसली, तर उठेल ती ११५व्या वर्षी.

१९४५ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात एवढंच टपाल सुमारे तीन महिन्यांत मार्गी लागलं. ते लावणाऱ्या ८५५ जणी होत्या अमेरिकी सैन्याच्या ६८८८व्या सेंट्रल पोस्टल डिरेक्टरी बटालियनच्या. जवळजवळ सगळ्या कृष्णवर्णीय. त्यांच्या प्रमुख मेजर चॅरिटी अॅडम्स मूळच्या गणिताच्या शिक्षिका; वय अवघं २६.

एवढं टपाल तुंबलं कसं? दुसऱ्या महायुद्धामुळे युरोपात तेव्हा सैनिक, रेडक्रॉसचे स्वयंसेवक आणि मुलकी कर्मचारी मिळून सुमारे ७० लाख अमेरिकी होते. आघाडी पुढे सरकायची, तुकड्या हलायच्या, जखमी माणूस इस्पितळात जायचा. पत्र मात्र जुन्याच पत्त्यावर पोचायचं. त्यात १९४४च्या नाताळच्या भेटींची भर पडली. एका पाकिटाची जाडी फक्त १ मिलिमीटर धरली, तरी १ कोटी ७० लाख पाकिटांची चळत १७ किलोमीटर उंच होते, म्हणजे एव्हरेस्टच्या जवळपास दुप्पट. आणि इथे तर पार्सलंही होती.

फेब्रुवारी १९४५ मध्ये या जणी पोचल्या, तेव्हा टपालाच्या खोल्या छतापर्यंत भरलेल्या होत्या. हवाई हल्ल्याच्या भीतीने खिडक्या काळ्या केलेल्या, आत ऊब नाही, उजेड जेमतेम. घरून आलेल्या केकची पार्सलं उंदरांनी कुरतडलेली. अंगात जाड कोट चढवून बायका कामाला लागल्या. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या, आठवड्याचे सातही दिवस.

त्यांचं मुख्य हत्यार म्हणजे कार्ड. प्रत्येक माणसाचं एक, अशी ७० लाख कार्डं. त्यावर नाव, सैनिक क्रमांक आणि सध्याचा ठिकाणा. माणूस हलला की कार्डावरचा ठिकाणा बदलायचा. नावावर विसंबून चालत नव्हतं, कारण एकट्या ‘रॉबर्ट स्मिथ’ या नावाचे ७,५०० जण नोंदीत होते. आईने मुलाला पाठवलेलं पत्र त्यातल्या नेमक्या एकाला द्यायचं, तर सैनिक क्रमांकातला आकडा न आकडा जुळवावा लागे. काही पाकिटांवर तर नुसतं ‘ज्युनिअर, यू.एस. आर्मी’ एवढंच. मग तुकडीचा काही माग, पाठवणाऱ्याचं गाव, असे धागे धरून माणूस शोधायचा. आणि काही वेळा कार्ड सांगायचं की हा मुलगा आता नाही. ते पत्र घरी परत पाठवणं हेही त्यांच्याच वाट्याचं काम होतं.

एका पाळीत सुमारे ६५,००० नग निघत. आठ तासांचे सेकंद २८,८००. म्हणजे दर सेकंदाला दोनाहून जास्त. तीन पाळ्यांचे दिवसाला १ लाख ९५ हजार. १ कोटी ७० लाखांना त्याने भागा, उत्तर येतं ८७ दिवस. सैन्याने मुदत दिली होती सहा महिन्यांची.

एका जनरलने पाहणीच्या वेळी अॅडम्सना दटावलं की, तुकडी कशी चालवायची हे दाखवायला मी एक गोरा लेफ्टनंट पाठवतो. माझा जीव गेल्याशिवाय ते होणार नाही, असं त्यांनी तिथल्या तिथे सुनावलं. कोर्टमार्शलची धमकी आली, तरी त्या मागे हटल्या नाहीत. बर्मिंगहॅमनंतर ही बटालियन फ्रान्समधल्या रूआँला गेली. तिथेही तुंबलेलं टपाल वाट पाहत होतं. तिथेच जुलैमध्ये जीपच्या अपघातात तिघी गेल्या. नॉर्मंडीच्या अमेरिकी दफनभूमीत ९,३०० हून अधिक थडगी आहेत. त्यांत स्त्रियांची चार, आणि त्या चारांतली तीन या बटालियनची.

१९४६च्या फेब्रुवारीपर्यंत बाकीच्या घरी परतल्या. ना समारंभ, ना मिरवणूक. कुणी शिक्षिका झाल्या, कुणी परिचारिका, कुणी संसारात रमल्या. पुढे आज्या, पणज्या झाल्या. रोमे जॉन्सन डेव्हिस या बटालियनमध्ये वाहन चालवत. युद्धानंतर त्यांनी न्यूयॉर्कमध्ये कपड्यांच्या डिझाइनचं काम केलं, सत्तरी उलटल्यावर तायक्वांदोचा ब्लॅक बेल्ट मिळवला आणि वयाच्या १०१व्या वर्षापर्यंत किराणा दुकानात नोकरी केली. २०२४ मध्ये त्या गेल्या तेव्हा १०४ वर्षांच्या होत्या.

या बटालियनला अमेरिकी काँग्रेसचं सुवर्णपदक देण्याच्या ठरावावर २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहात ४२२ मतं बाजूने पडली, विरोधात शून्य. प्रत्यक्ष समारंभ झाला २९ एप्रिल २०२५ रोजी. काम ८७ दिवसांच्या हिशेबात बसलं, कौतुकाला ८० वर्षं लागली. तोवर ८५५ जणींपैकी दोघीच हयात होत्या.

हा उशीर आपल्याला परवडणारा नाही. आपल्याकडेही १९४२ साली सैन्याचं विमेन्स ऑक्झिलिअरी कोअर स्थापन झालं आणि दहा हजारांहून अधिक स्त्रियांनी त्यात कारकुनी, टेलिफोन, सांकेतिक संदेश अशी कामं केली. त्या वेळी अठरा वर्षांच्या असलेल्या मुली आज शंभरीच्या आसपास आहेत. तुमच्या घरात, नात्यात, गल्लीत अशी कुणी आजी असेल, तर तिला विचारा: तू कुठे होतीस, हातात काय काम होतं, दिवसाला किती व्हायचं? आकडे लिहून घ्या, तारखा लिहून घ्या, आणि हे याच आठवड्यात करा.