‘गेलो होतो’ म्हणजे ‘हॅड गॉन’? इंग्रजीचा भूतकाळ नेमका इथेच चुकतो

जव्हार-मोखाड्यातून बोईसर किंवा नाशिकला मुलाखतीसाठी गेलेल्या अनेकांच्या तोंडी एक वाक्य येतं: ‘आय हॅड पास्ड ट्वेल्थ इन 2022.’ हे चुकीचं आहे. पण चूक येते ती आपल्या मराठीतूनच.

‘काल जव्हारला गेलो होतो’ हे मराठीत अगदी बरोबर. गेलो आणि परतही आलो, एवढंच तो ‘होतो’ सांगतो. इंग्रजीतल्या ‘हॅड’चं काम वेगळं. भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधीची कोणती, हे तो दाखवतो. स्टँडवर पोहोचलो तोवर मोखाड्याची एसटी सुटली होती: ‘व्हेन आय रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट.’ गाडी आधी गेली, म्हणून ‘हॅड’ तिला. (एसटीची वाट पाहणाऱ्याला हा नियम लवकर कळावा!)

घटना एकच आणि वेळही सांगितलेली असेल, तर साधा भूतकाळ: ‘आय वेंट टू जव्हार यस्टरडे’, ‘आय पास्ड ट्वेल्थ इन 2022.’ इथे ‘हॅव पास्ड’सुद्धा चालत नाही.

मग ‘हॅव’ कुठे? आपला जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला झाला. ‘पालघर बिकेम अ डिस्ट्रिक्ट इन 2014’, कारण ती घटना संपली. पण ‘जव्हार हॅज बीन इन पालघर डिस्ट्रिक्ट सिन्स 2014’, कारण ते आजही आहे. त्याआधी जव्हार ठाणे जिल्ह्यात होतं, तिथे नुसतं ‘वॉज’.

आणि ‘डिड नॉट वेंट’ नको. भूतकाळ ‘डिड’मध्ये आलेलाच असतो, म्हणून पुढे ‘गो’.