शेळीचा खुराक आणि ओव्याचे तेल

पोट दुखले की आपण ओवा चावतो. मग शेळीच्या खुराकात ओव्याचे तेल घातले तर बिघडले कोठे, असे आम्हांला विचारतात. परंतु शेळीचे पोट निराळे. तिच्या कोठीपोटात असंख्य सूक्ष्मजंतू राबत असतात. पाला आंबवून तिला पोसणारे कामगार तेच. (चळवळीत आयुष्य गेले, उपमा अशाच सुचावयाच्या!) ओव्यातील थायमॉल, लवंगेतील युजेनॉल ही द्रव्ये जंतुनाशक आहेत. मात्रा बेताची असली तर ढेकरेवाटे वाया जाणारा मिथेन वायू कमी होऊ शकतो. ती चढली की चोथा पचविणारे जंतूच मरतात आणि शेळी खाणे टाकते. वाढीसाठी जनावरांना प्रतिजैविके चारण्यास युरोपीय संघाने २००६ साली बंदी केली, त्यामुळे या तेलांचे महत्त्व वाढले. तथापि काचपात्रात दिसलेला गुण जिवंत शेळीत दिसेलच असे नाही. जंतूही तेलाला सरावतात. दोन उस्मानाबादी शेळ्यांवर संसार रेटणाऱ्या बाईने बाटली घेण्यापूर्वी विक्रेत्याला एवढे विचारावेच: किती थेंब, किती वजनाच्या शेळीला, आणि हे पाहिले कोणत्या शेळ्यांवर?