दार फोडणारी बंदूक आणि दार राखणारा कायदा

हिंदी सिनेमात आपण हे पन्नास वेळा तरी पाहिलं असेल. गोदामाला भलंमोठं कुलूप, आत नायकाची बहीण, बाहेर नायक. तो पिस्तूल काढतो, कुलपावर एक गोळी झाडतो आणि कुलूप आज्ञाधारक मुलासारखं खाली पडतं. प्रत्यक्षात असं क्वचितच होतं. पिस्तुलाची गोळी लोखंडावर आपटून उलटी फिरू शकते. किंवा दार भेदून पलीकडे जाते आणि पलीकडे नेमकी बहीणच उभी असते!

खरोखर दार फोडायचं असेल तेव्हा सैन्य आणि पोलीस बहुधा घणासारखा ओंडका वापरतात, पहार वापरतात, आणि काही वेळा बारा बोअरची बंदूक. हीच आपल्या खेड्यापाड्यांतली छऱ्यांची बंदूक. तिच्या नळीला आतून आटे नसतात, ती गुळगुळीत असते. ‘बारा बोअर’ या शब्दाचा अर्थही गमतीदार आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअरची नळी. म्हणजे साधारण साडेअठरा मिलिमीटर रुंदीची. दार फोडण्यासाठी तिच्यात वेगळं काडतूस घालतात. त्यात दाबून बसवलेली धातूची भुकटी असते. कडी-कोयंड्यावर सगळा जोर खर्च करून ती भुकटी तिथेच विखरावी आणि आतल्या माणसापर्यंत घातक तुकडा जाऊ नये, हा हेतू. धोका त्याने कमी होतो, संपत नाही.

आता या बंदुकीच्या तोंडाला बसवायच्या एका तुकड्याविषयी. बोटभर लांबीचं लोखंडी नळकांडं, पुढच्या कडेला करवतीसारखे दाते, बाजूंना भोकं. दाते दाराला टेकले की तोंड घसरत नाही आणि नळी व दार यांच्यात ठरावीक अंतर राहतं. नळीचं तोंड दारावर घट्ट बसलं तर बारुदाच्या वायूला वाट मिळत नाही, आणि अडलेला वायू नळीच फोडू शकतो. बाजूच्या भोकांतून तो वायू निघून जातो. बस्स, एवढंच काम. अमेरिकी सैन्याकडे एम-२६ नावाची एक बंदूक आहे, ती रायफलीच्या खाली जोडता येते. तिची नळी आठ इंचांहूनही आखूड आहे आणि तिच्या तोंडाशी हे अंतर राखणारं नळकांडं असतं. कुठलंही दार उघडते म्हणून तिकडे अशा बंदुकीला थट्टेने ‘मास्टर की’ म्हणतात.

पण अमेरिकेत हा दातेरी तुकडा सैन्यापुरता राहिलेला नाही. तो दुकानात मिळतो, साधे नागरिक तो विकत घेतात, आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यात एकही दार फोडायचं नसतं. बंदूक भयंकर दिसावी एवढीच हौस. आपल्याकडे मोटारसायकलचा सायलेन्सर बदलून गल्ली हादरवणारे असतात, तसंच काहीसं. हौशीलाही कायदा आडवा येतोच. मात्र तो येतो अगदी अनपेक्षित जागी, इंचपट्टी घेऊन.

१९२०च्या दशकात अमेरिकेत दारूबंदी होती आणि तिच्या आश्रयाने टोळ्या माजल्या होत्या. कोटाखाली लपवता येईल अशी, नळी कापून तोकडी केलेली बंदूक हे त्यांचं आवडतं हत्यार. म्हणून १९३४ साली ‘नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट’ आला. छऱ्यांच्या बंदुकीची नळी १८ इंचांपेक्षा, किंवा नळी कापून केलेल्या हत्याराची एकूण लांबी २६ इंचांपेक्षा कमी असेल, तर सरकारदरबारी नोंदणी करा आणि २०० डॉलर कर भरा. त्या काळी बंदुकीपेक्षा कर जड होता. २०२५च्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून हा कर शून्यावर आला आहे. नोंदणी मात्र सुटलेली नाही.

आता मोजायचं कसं? बंदूक मिटलेली असताना नळीत काठी घालून तोंडापर्यंतची लांबी मोजतात. समजा नळी १७ इंचांची आहे आणि तिच्या तोंडाला दोन इंचांचा दातेरी तुकडा आहे. तुकडा नुसता पिळून बसवलेला असेल, तर तो मोजमापात धरत नाहीत. नळी १७ इंचांचीच, आणि नोंदणी नसेल तर मालक दहा वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाला पात्र. तोच तुकडा वेल्डिंग करून कायमचा जोडलेला असेल, तर नळी १९ इंचांची आणि मालक सभ्य गृहस्थ! म्हणजे तुकडा निर्दोष आहे. प्रश्न आहे तो डाग दिला की नाही दिला याचा. याखेरीज तिथल्या काही राज्यांचे आपापले कडक नियम आहेत ते निराळेच.

या कायद्याची परीक्षा १९३९ साली सर्वोच्च न्यायालयात झाली. नोंदणी न केलेली तोकडी बंदूक ओक्लाहोमातून आर्कान्सात नेल्याबद्दल मिलर आणि लेटन अशा दोघांवर खटला होता. आरोपींच्या बाजूने युक्तिवाद करायला कोणी हजरच राहिलं नाही, आणि निकालापूर्वी मिलरचा खूनही झालेला होता. न्यायालय म्हणालं, असली बंदूक नागरी सेनेच्या काही उपयोगाची असल्याचा पुरावा आमच्यापुढे नाही, तेव्हा ती बाळगण्याचा हक्क संविधान देतं असं आम्ही म्हणू शकत नाही. आज खुद्द सैन्यच तिच्याहून तोकडी बंदूक दारं उघडायला घेऊन फिरतं, हे त्या न्यायमूर्तींनी पाहिलं असतं तर काय लिहिलं असतं कोण जाणे.

मला स्वतःला बंदुकीपेक्षा दाराचा कायदा जास्त मोलाचा वाटतो. तो सापडतो १६०४ सालच्या लंडनमध्ये. ग्रेशम आणि बेरिसफोर्ड एकाच घराचे भागीदार. बेरिसफोर्ड देणं ठेवून वारला, त्याच्या चीजवस्तू घरात राहिल्या. सेमेन नावाच्या धनकोच्या वतीने शेरीफची माणसं जप्तीला आली, तर ग्रेशमने दार लावून घेतलं. सेमेनने ग्रेशमवर दावा लावला आणि हरला. माणसाचं घर हा त्याचा किल्ला, हे सुप्रसिद्ध वचन या खटल्यातलं. खासगी देण्यासाठी घराचं दार फोडता येणार नाही, असं न्यायालयाने ठरवलं. राजाचं काम असेल तर फोडता येईल. पण आधी येण्याचं कारण सांगा आणि दार उघडायची विनंती करा.

आधी हाक, मग पाऊल. मुसलमान घरांत लहानपणापासून हेच शिकवतात. दुसऱ्याच्या दाराशी सलाम करावा, परवानगी मागावी, तीनदा विचारूनही उत्तर आलं नाही तर परत फिरावं. पोलिसांना परत फिरून चालत नाही हे खरं. पण निदान हाक?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली विल्सन खटल्यात एकमताने सांगितलं, की ही हाक संविधानाने मागितलेल्या वाजवीपणाचाच भाग आहे. १९९७ साली म्हटलं, की अमली पदार्थांचा प्रत्येक गुन्हा या नियमातून सरसकट वगळता येणार नाही. धोका असेल किंवा पुरावा नष्ट होईल अशी सकारण शंका असेल तरच सूट. मग हाक मारून थांबायचं किती? २००३च्या बँक्स खटल्यात पोलीस पंधरा ते वीस सेकंद थांबले आणि त्यांनी दार फोडलं. तो गृहस्थ तेव्हा स्नान करत होता, त्याला काही ऐकूच गेलं नव्हतं. न्यायालय म्हणालं, एवढं थांबणं पुरेसं आहे. २००६च्या हडसन खटल्यात पोलीस तीन ते पाच सेकंदच थांबले. दाराला कुलूप नव्हतं, मूठ फिरवून ते आत शिरले. नियम मोडला हे सरकारने मान्य केलं, पण पाच विरुद्ध चार मतांनी निकाल आला, की एवढ्यासाठी सापडलेला पुरावा रद्द होत नाही. माझ्या मते या निकालाने नियमाचे दात पाडले. मोडला तरी काही बिघडत नाही असा नियम कोण मनापासून पाळेल?

त्याची किंमत काय असते ते १३ मार्च २०२० रोजी लुईव्हिल शहरात दिसलं. मध्यरात्रीनंतर ब्रिओना टेलर या २६ वर्षांच्या तरुणीच्या घराचं दार पोलिसांनी फोडलं, तेही बंदुकीने नव्हे, ओंडक्याने. हाक न देता शिरण्याचं वॉरंट त्यांना मिळालेलं होतं. आम्ही तरीही हाक दिली, असं पोलिसांचं म्हणणं. कोण आलंय हे कळलंच नाही, असं आतल्या तिच्या मित्राचं. चोर शिरले असं समजून त्याने एक गोळी झाडली, उलट गोळीबार झाला आणि त्यात ती गेली. जूनमध्ये त्या शहराने अशी बिनहाकेची वॉरंटं बंद केली.

आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९चा. त्याच्या सहाव्या कलमानुसार परवान्याशिवाय बंदुकीची नळी तोकडी करता येत नाही. आणि स्वसंरक्षणासाठी किंवा शिकारीच्या खेळासाठी साधी गुळगुळीत नळीची बंदूक मागणाऱ्याच्या बाबतीत कायदा किमान वीस इंचांची नळी धरून चालतो. दाराबद्दलचा नियम पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४७व्या कलमात होता, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४४व्या कलमात आहे. अटक करायला आलेल्याने आपला अधिकार आणि हेतू सांगायचा, आत येऊ देण्याची मागणी करायची, आणि तरीही वाट मिळाली नाही तरच दार किंवा खिडकी फोडायची. आतल्या खोलीत रिवाजानुसार लोकांसमोर न येणारी स्त्री असेल आणि अटक तिला करायची नसेल, तर आधी तिला बाहेर निघून जाण्याची मोकळीक आहे असं सांगायचं, त्यासाठी वाजवी ती सगळी सोय करून द्यायची, आणि मगच खोली फोडायची. याच कलमाला एक तिसरं पोटकलम आहे, ते फारसं कोणी वाचत नाही. अटक करायला रीतसर आत गेलेल्या पोलिसालाच घरच्यांनी कोंडून घातलं, तर स्वतःची सुटका करून घेण्यासाठी त्याला आतून दार फोडण्याचीही परवानगी आहे.