उतारवयातील पायी वारी : वऱ्हाडातून पंढरपूरपर्यंत

आषाढी एकादशीसाठी आळंदीहून निघणारी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पंढरपूर गाठेपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालते. वऱ्हाडातून निघणाऱ्या वारकऱ्यांची वाट याच्या जवळजवळ तिप्पट लांबीची आहे. शेगाव येथील गजानन महाराजांची पालखी बुलढाणा, अकोला, वाशिम, हिंगोली, परभणी, बीड, धाराशिव व सोलापूर अशा आठ जिल्ह्यांतून सातशे किलोमीटरहून अधिक अंतर सुमारे तेहेतीस दिवसांत कापते. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी वसलेले कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानले जाते. तेथून निघणारी रुक्मिणीमातेची पालखी परंपरेप्रमाणे १५९४ सालापासूनची असून राज्यातील मानाच्या पालख्यांमध्ये तिची गणना होते. तीही महिन्याहून अधिक काळ वाटेवर असते. या मोठ्या पालख्यांखेरीज गावोगावच्या लहान दिंड्या निघतात त्या वेगळ्याच. २०२० व २०२१ या दोन वर्षी करोनाच्या साथीमुळे पायी वारी थांबली व मानाच्या पालख्या बसने नेण्यात आल्या, एवढा अपवाद सोडला तर हा क्रम चालू आहे.

या दिंड्यांमध्ये साठी ओलांडलेल्या स्त्री-पुरुषांची संख्या मोठी असते. मुलांच्या हाती शेती आणि सुनेच्या हाती घर सोपविल्यावरच अनेकांना महिनाभराची सवड मिळते. तरुणपणी ज्यांना पेरणीच्या दिवसांत घर सोडणे शक्य झाले नाही, अशी माणसे वारीला लागतात ती उतारवयात. म्हणजे ज्या वयात शरीराची झीज सुरू झालेली असते, नेमक्या त्याच वयात दिवसाला सरासरी बावीस किलोमीटर, अर्थात तीस हजारांहून अधिक पावले, सलग महिनाभर टाकण्याचा प्रसंग येतो. हे साधते कसे आणि कोठे बिघडते, हे वाटेवरील गावांच्या पंचायतींनी, शिक्षकांनी व आरोग्य कर्मचाऱ्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

वय आणि चाल

वय वाढले म्हणून लांबचे चालणे अशक्य होते, असा समज खरा नाही. दांडीयात्रेत १९३० साली महात्मा गांधींनी साबरमतीहून सुमारे ३८५ किलोमीटर अंतर चोवीस दिवसांत तोडले, तेव्हा त्यांनी साठी पूर्ण केली होती. विनोबाजींनी भूदानासाठी १९५१ साली पदयात्रा आरंभिली ती पंचावन्नाव्या वर्षी, आणि पुढे दशकाहून अधिक काळ ते चालत राहिले. अमेरिकेत ॲपलाचियन पर्वतराजीतून तीन हजार किलोमीटरहून लांब अशी एक पायवाट आहे. एमा गेटवुड या अकरा मुलांच्या आईने १९५५ साली वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी ती एकटीने एका हंगामात पार केली. पायांत कापडी बूट आणि खांद्यावर स्वतः शिवलेली पिशवी, एवढाच तिचा सरंजाम होता. आपल्या वारकऱ्याला ही पिशवी परकी वाटणार नाही.

वयाबरोबर कमी होतो तो वेग आणि झीज भरून येण्याचा झपाटा. थकलेला स्नायू तरुणाच्या शरीरात एका रात्रीत सावरतो, त्याला वृद्धाच्या शरीरात दोन-तीन दिवस लागतात. यादृष्टीने दिंडीची रचना पाहण्यासारखी आहे. टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर पावले पडत असल्याने कोणी एकटा पुढे धावत नाही. ठरावीक अंतरावर विसावा असतो. अंथरूण-पांघरूण, भांडी व शिधा वाहनातून जातो आणि चालणाऱ्याच्या खांद्यावर फक्त पडशी राहते. शेगावच्या पालखीत सुमारे सातशे वारकरी शिस्तीने चालतात आणि सोबत पाणी व औषधोपचाराची सोय असते. पारस आणि भौरद हे मुक्काम करून पालखी तिसऱ्या दिवशी अकोल्यास पोहोचते व तेथे दोन दिवस थांबते. लांब चालण्यात पहिले तीन दिवसच सर्वांत कठीण असतात. पायाला फोड येणे, मांड्या भरून येणे, जुना गुडघा बोलू लागणे, हे सारे याच काळात घडते. म्हणून अकोल्याच्या या विसाव्याचे मोल मोठे आहे. ज्याला पुढचे झेपणार नाही त्याने येथेच थांबावे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय शहरात आहे आणि घरही फार दूर राहिलेले नाही. वारी अर्धी टाकली तर दोष लागतो, या समजुतीने अनेक वृद्ध दुखणे लपवून पुढे जातात. ही समजूत दूर करणे दिंडीचालकाला जितके साधेल तितके डॉक्टरलाही साधणार नाही.

अकोल्यानंतर वाटेचे स्वरूप पालटते. पातूरपर्यंत पायनघाटाचा सपाट मुलूख आहे. पातूरहून मेडशीकडे जाताना घाट चढून वऱ्हाडच्या बालाघाटात प्रवेश होतो. पुढे परळी-अंबाजोगाईच्या परिसरातही चढउतार आहेत. चढणीवर छातीचा कस लागतो, तर उतरणीवर गुडघ्यांचा, कारण उतरताना देहाचा भार आवरण्याचे काम मांडीच्या स्नायूंवर व गुडघ्यावर पडते. अशा वेळी काठी हा तिसरा पाय होय. मात्र ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरावी आणि सरळ उभे राहिल्यावर तिची मूठ मनगटाच्या उंचीवर यावी. पुष्कळ वृद्ध ती दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि तिचा निम्मा उपयोग वाया घालवितात.

ऊन आणि पाणी

या वाटेवरचा खरा शत्रू अंतर नसून ऊन आहे, आणि त्याचा पंचांगाशी थेट संबंध आहे. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे आषाढी एकादशी दरवर्षी तितक्या दिवसांनी अलीकडे सरकते आणि अधिक मास येताच पुन्हा पुढे जाते. २०२३ साली ती २९ जूनला आली, २०२४ साली १७ जुलैला, तर २०२५ साली ६ जुलैला. एकादशी जूनमध्ये आली की शेगावची पालखी मे महिन्याच्या अखेरीस निघते. २०२३ साली तसेच झाले. त्या दिवसांत अकोला-अमरावतीचे तापमान ४५ अंशांच्या आसपास असू शकते. एकादशी जुलैच्या मध्यावर आली तर तोच प्रवास पहिल्या पावसात सुरू होतो आणि प्रश्न उन्हाऐवजी काळ्या जमिनीच्या चिखलाचा, ओल्या कपड्यांचा व पायांच्या कुजण्याचा होतो. जिल्हा प्रशासनाने पालखीची तयारी करताना दरवर्षीचे ठरीव परिपत्रक पुढे न करता आधी त्या वर्षीचे पंचांग पाहावे, हे उत्तम.

उष्णतेचा त्रास वृद्धांना अधिक होतो, याची कारणे शरीरात आहेत. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते. पाणी कमी पडले तरी घसा सांगत नाही. घाम कमी येतो, मूत्रपिंडाची पाणी राखून ठेवण्याची शक्ती घटते. रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी चालू असेल तर पाणी आणखी जाते. त्यात स्त्रियांची एक अडचण अशी की, वाटेत आडोसा मिळणार नाही या धास्तीने त्या जाणूनबुजून पाणी पीत नाहीत. सोयीच्या जागी उभे केलेले एक स्वच्छ शौचालय पाण्याच्या दहा टाक्यांइतके उपयोगी पडते ते यामुळेच. ज्येष्ठांनी तहानेची वाट न पाहता दर विसाव्याला पाणी प्यावे. ताक, पन्हे, लिंबू-मीठ-साखरेचे सरबत ही आपली पेये उत्तम आहेत. जुलाब झाल्यास आरोग्य केंद्रातील ओ.आर.एस. द्यावे, ते नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ मिसळावे. येथे चमचा म्हणजे चहाचा.

वऱ्हाडात पाण्याचा आणखी एक पेच आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात भूगर्भातील पाणी क्षारयुक्त आहे. हातपंपाचे मचूळ पाणी पाहुण्याला जात नाही. तो दोन घोट घेऊन भांडे ठेवतो आणि पुढे उन्हात कोसळतो. या पट्ट्यातील ग्रामपंचायतींनी दिंडीसाठी नळयोजनेचे किंवा टँकरचे गोडे पाणीच ठेवावे. टाकीत टी.सी.एल. पावडर टाकून ओ.टी. चाचणी घेण्याचे काम जलसुरक्षकाने मुक्कामाच्या आदल्या दिवशी उरकावे, कारण पालखी गावात शिरल्यावर कोणालाच उसंत मिळत नाही.

चालणारा मनुष्य गोंधळल्यासारखा बोलू लागला, त्याची पावले अडखळू लागली, अंग तापलेले लागले, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत नेऊन कपडे सैल करावे, अंगावर पाणी ओतावे व वारा घालावा आणि त्याच वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये. रुग्णवाहिका येईपर्यंत अंग थंड करणे हाच उपचार होय.

निघण्यापूर्वी

वारीची तयारी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास सुरू झाली पाहिजे. रोज तीन-चार किलोमीटरपासून आरंभ करून अंतर आठवड्याला थोडे-थोडे वाढवावे आणि शेवटच्या पंधरवड्यात दोन-तीन वेळा बारा ते पंधरा किलोमीटर चालून पाहावे. जी पादत्राणे वारीत घालायची तीच या सरावात घालावीत. नव्या चपलेने दिंडीला निघणे म्हणजे फोडांना आमंत्रण देणे होय. अनवाणी चालण्याचा नवस अनेकजण करतात. मधुमेही व्यक्तीने तो करू नये. दीर्घ मधुमेहात तळपायाची संवेदना कमी होते. तापल्या डांबराचा चटका किंवा काटा कळत नाही आणि आठवडाभराने लक्षात आलेली जखम पाय गमावण्यापर्यंत जाऊ शकते. अशा वारकऱ्याने दर मुक्कामी दोन्ही तळवे दिव्याच्या उजेडात पाहावेत, आणि स्वतःला दिसत नसल्यास सोबत्याकडून पाहून घ्यावेत.

प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब व साखर तपासून घ्यावी, चढताना छाती दाटते का हे वैद्यकीय अधिकाऱ्याला न लपविता सांगावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी, तसेच साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. दिवसभराच्या चालण्याने साखर आपोआपच उतरते. त्यात एकादशीचा उपवास पडला तर घेरी येऊ शकते. औषधाची मात्रा डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावी आणि पडशीत गूळ-शेंगदाणे असावेत. औषधे महिनाभराची बांधून न्यावीत. माळ घातली, आता गोळ्या कशाला, असे म्हणून त्या घरी ठेवणारे काही कमी नाहीत, आणि रक्तदाबाच्या रुग्णाला ही श्रद्धा महागात पडते. सार्वजनिक आरोग्य विभागाने २०२३ साली ‘आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी’ हा उपक्रम सुरू केला, त्यामुळे वाटेवर तपासणी व उपचार मिळणे सोपे झाले आहे. तथापि प्रशासनाचे लक्ष स्वाभाविकपणे पुण्याकडून येणाऱ्या मोठ्या गर्दीकडे अधिक असते, आणि वऱ्हाडची लहान दिंडी त्यापूर्वी तीन आठवडे एकाकी रस्त्यांवर चालत असते, याचे भान आरोग्य यंत्रणेने ठेवावयास हवे.

मुक्कामाचे गाव

जिल्हा परिषदेची शाळा हे दिंडीच्या मुक्कामाचे नेहमीचे ठिकाण. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीकडे उघडत असल्याने तेथे वर्ग रिकामे असतात. पण सुट्टीत शौचालयाला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांकडे आणि मुख्याध्यापक परगावी, असे अनेकदा घडते. किल्ली सुट्टीपूर्वीच सरपंचांकडे सोपवावी. मराठवाड्यात पालखी पोहोचेतो शाळा सुरू झालेल्या असतात, म्हणून तेथे समाजमंदिर किंवा मंगल कार्यालय आधी ठरवावे लागते. वृद्धांना तळमजल्यावर जागा द्यावी, रात्री शौचालयाच्या वाटेवर दिवा जळत ठेवावा. पहाटेच्या अंधारात महामार्गावरून निघणाऱ्या दिंडीच्या मागे व पुढे एकेक कंदील किंवा बॅटरी आणि मागच्या वाहनावर परावर्तक पट्ट्या असाव्यात. चौपदरी झालेल्या रस्त्यांच्या कडेची जुनी झाडे अनेक ठिकाणी गेली आहेत. जेथे सलग सावली नाही तेथे ग्रामपंचायतीने चार बांबू व हिरवी जाळी लावून विसावा उभारला तरी पुरे होते. अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी पंढरपुरासह ठिकठिकाणी धर्मशाळा उभारल्या आणि स्वतः हातात खराटा घेतला. त्यांच्याच मुलखातून निघालेल्या वाटसरूला झाडलेली ओसरी मिळावी, ही अपेक्षा मोठी नव्हे.

दिंडीतील प्रत्येक ज्येष्ठाच्या गळ्यातील माळेशेजारी एक चिठ्ठी असावी. तीवर नाव, गाव, घरचा फोन, आजार व चालू औषधे लिहिलेली असावीत. ही चिठ्ठी गावातील शिक्षकांनी निघण्यापूर्वी लिहून दिली तर वाटेत मागे राहिलेल्या वृद्धाची ओळख पटविण्यात पोलिसांचा वेळ जात नाही. परतीचा प्रवास बहुतेक ज्येष्ठ वाहनानेच करतात. राज्य परिवहन महामंडळाच्या बसमध्ये पासष्ट वर्षांपुढील नागरिकांना निम्मे भाडे पडते व ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढील नागरिकांना प्रवास विनामूल्य आहे. पण वाहक वयाचा पुरावा मागतो. म्हणून आधार कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पडशीच्या आतल्या कप्प्यात ठेवावे, आणि त्याची एक छायांकित प्रत दिंडीचालकाकडे द्यावी.